चित्रात सगळं कोंबलं की गेम विकला जातो?

स्टोअरवरच्या चित्रात नायक, खलनायक, राक्षस, स्फोट सगळं दाखवा, तरच लोक क्लिक करतात, असा सल्ला इंडी, म्हणजे स्वतंत्रपणे गेम बनवणाऱ्या लोकांत वर्षानुवर्षं फिरतोय. मोठ्या स्क्रीनवर चित्र काढताना तो पटतोही. पण स्टीम या गेमच्या ऑनलाइन स्टोअरवर ४६२ × १७४ पिक्सेलचं छोटं कॅप्सूल (यादीत दिसणारं गेमचं चित्र) चढवलं की त्याच्या १८४ × ६९ आणि १२० × ४५ अशा आवृत्त्या आपोआप बनतात. ४५ पिक्सेल उंचीत पाच पात्रं म्हणजे नुसता रंगीत चिवडा. नावही वाचता येत नाही. म्हणून तिथे जवळजवळ अख्खी चौकट लोगोलाच द्यावी. (पुरस्कार, सवलतीचा मजकूर तर २०२२ पासून चालतच नाही.) पडताळायचंय? चित्र १२० पिक्सेल रुंदीला आणा, स्टोअरच्या यादीच्या स्क्रीनशॉटवर चिकटवा आणि गेम माहीत नसलेल्या कुणाला तरी नाव वाचायला सांगा.