लोन आणि ट्रान्सफर : फुटबॉलपटूच्या कारकिर्दीतील दोन वेगळे करार

रोहन रिकेट्स या इंग्लिश मिडफिल्डरच्या, म्हणजे मैदानाच्या मधल्या फळीत खेळणाऱ्या फुटबॉलपटूच्या, क्लबांची यादी वाचता वाचताच दम लागतो. आर्सेनलच्या अकादमीत घडलेला हा खेळाडू २००२ मध्ये टॉटनहॅम हॉटस्परकडे गेला आणि त्यानंतर ऑल्डहॅम, कॉव्हेंट्री, वुल्व्हरहॅम्प्टन, क्वीन्स पार्क रेंजर्स, बार्न्सली, कॅनडातील टोरॉन्टो, हंगेरीतील डिओशग्योर, मोल्दोव्हातील दाचिया किशिनाऊ, आयर्लंडमधील शॅमरॉक रोव्हर्स आणि पुन्हा इंग्लंडमधील एक्सेटर असे क्लब करत २०१२ मध्ये तो गोव्याच्या धेंपो स्पोर्ट्स क्लबमध्ये दाखल झाला. धेंपोने नुकतेच आय-लीगचे, म्हणजे भारतातील तेव्हाच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेचे, विजेतेपद मिळवले होते. ही यादी एका दमात वाचणाऱ्याला वाटते की हा माणूस कुठेच टिकला नाही. पण तिच्यात दोन निराळ्या प्रकारच्या नोंदी एकत्र मिसळल्या आहेत. ऑल्डहॅम, कॉव्हेंट्री आणि क्वीन्स पार्क रेंजर्स येथे तो लोनवर, म्हणजे मूळ क्लबचा करार कायम ठेवून काही काळापुरता, खेळला, तर टॉटनहॅम, बार्न्सली किंवा टोरॉन्टो येथे स्वतःच्या पूर्ण कराराने. वुल्व्हरहॅम्प्टनची नोंद मात्र दोन्ही प्रकारांत मोडते: २००५ च्या वसंतात तो तेथे लोनवर गेला आणि त्याच उन्हाळ्यात कायमचा त्या क्लबचा झाला.

या दोन गोष्टींची गल्लत होण्यास आपली भाषाही थोडी कारणीभूत आहे. ट्रान्सफर म्हटले की मराठी वाचकाला सरकारी बदली आठवते. पण बदलीत नोकरी देणारा तोच राहतो, फक्त कचेरी आणि गाव बदलते. फुटबॉलमधील ट्रान्सफरमध्ये नोकरी देणाराच बदलतो. शिवाय सामन्याच्या वृत्तांतात ‘बदली खेळाडू’ हा शब्द ऐनवेळी मैदानात उतरणाऱ्यासाठी वापरला जात असल्यामुळे तो येथे वापरून चालत नाही. लोन या शब्दाने बँकेचे कर्ज डोळ्यांसमोर येते, आणि तेही फसवे आहे. लोनला सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे प्रतिनियुक्ती. प्रतिनियुक्तीवर गेलेला अधिकारी काम दुसऱ्या खात्यात करतो, पण मूळ पदावरचा त्याचा हक्क, ज्याला कार्यालयात ‘लिएन’ म्हणतात, शाबूत राहतो. लोनवरील खेळाडूचे नेमके तसेच असते.

ट्रान्सफर होताना खेळाडूचा जुना करार संपतो. त्याची मुदत बाकी असेल, तर ती सोडून देण्याबद्दल नवा क्लब जुन्या क्लबला रक्कम मोजतो आणि खेळाडूशी नवा करार करतो. जुन्या क्लबचे त्याच्याशी कोणतेही बंधन उरत नाही. लोनमध्ये मूळ क्लबचा करार जिवंत राहतो. जागतिक फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिफाच्या, नियमांनुसार, वेगळे काही लेखी ठरले नसेल, तर लोनच्या काळात मूळ करारातील परस्परांची बांधिलकी तेवढी स्थगित होते. पगार कोणी किती द्यायचा, हे दोन्ही क्लब आपसांत ठरवतात. कधी नवा क्लब सगळा पगार उचलतो, कधी काही वाटा मूळ क्लबच देत राहतो. नियमांतील एक तरतूद मला फार मोलाची वाटते. ज्या क्लबने खेळाडूला लोनवर घेतले, त्याने मुदतीआधीच करार एकतर्फी मोडला, तर खेळाडूला मूळ क्लबकडे परतण्याचा हक्क असतो आणि मूळ क्लबला त्याला ताबडतोब सामावून घ्यावे लागते. ट्रान्सफरने गेलेल्या खेळाडूवर तीच वेळ आली, तर भरपाईसाठी दाद मागता येते, पण परत जायला घर नसते.

नोंदणीच्या बाबतीत मात्र दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, आणि गोंधळ बहुधा येथूनच सुरू होतो. देश बदलत असेल, तर लोन असो वा ट्रान्सफर, जुन्या देशाच्या महासंघाकडून आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर प्रमाणपत्र लागते. एका हंगामात जास्तीत जास्त ३ क्लबांकडे नोंदणी होऊ शकते आणि सर्वसाधारणपणे त्यांपैकी दोनच क्लबांकडून अधिकृत सामने खेळता येतात. या मोजणीत लोनही धरले जाते. त्यामुळे आकडेवारीच्या तक्त्यात दोन्ही नोंदी शेजारीशेजारी बसतात आणि वाचणाऱ्याला सारख्या वाटतात.

फरक मैदानावर उघड होतो, तो मूळ क्लबविरुद्ध सामना आला की. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये लोनवरील खेळाडू मूळ क्लबविरुद्ध खेळू शकत नाही. ट्रान्सफरने गेलेल्याला अशी आडकाठी नाही. युरोपीय स्पर्धांत युएफाची, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाची, भूमिका उलट आहे, म्हणजे मूळ क्लबला आपल्या खेळाडूला रोखता येत नाही. १४ ऑगस्ट २०२० रोजी लिस्बनमध्ये बायर्न म्युनिकने बार्सिलोनाचा ८-२ असा पराभव केला, तेव्हा बायर्नचे शेवटचे दोन गोल फिलिपे कुटिन्योने केले. तो ब्राझिलियन आक्रमक मिडफिल्डर त्या दिवशी बार्सिलोनाकडूनच लोनवर आलेला होता.

दोहोंच्या मध्ये पडणारे करारही असतात. काही लोनमध्ये शेवटी खेळाडू विकत घेण्याचा पर्याय असतो, तर काहींत तशी सक्तीच असते. अशी सक्ती असलेले लोन म्हणजे रक्कम पुढच्या हिशेबात ढकललेले ट्रान्सफरच असते, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठे क्लब डझनांनी खेळाडू गोळा करून लोनवर पाठवत राहत. त्याला आळा घालण्यासाठी फिफाने १ जुलै २०२२ पासून आंतरराष्ट्रीय लोनवर मर्यादा घातली. सुरुवातीला लोनवर बाहेर पाठवलेले ८ आणि लोनवर घेतलेले ८ खेळाडू अशी असलेली ही मर्यादा टप्प्याटप्प्याने ६ वर आली. एक लोन फार तर वर्षभराचे असावे आणि लोनवरील खेळाडूला तिसऱ्या क्लबकडे लोनवर पाठवू नये, हेही त्याच नियमांत आहे. २१ वर्षांपर्यंतचे आणि क्लबने स्वतः घडवलेले खेळाडू मात्र या मोजणीतून वगळले आहेत.

करार संपल्यावर विनामोबदला दुसऱ्या क्लबकडे जाणे, हे ट्रान्सफरचेच एक रूप आहे, आणि ते खेळाडूंना एका साध्या मिडफिल्डरने मिळवून दिले. बेल्जियमच्या ज्याँ-मार्क बोसमनचा लिएज क्लबशी असलेला करार १९९० मध्ये संपला होता, तरी फ्रान्समधील डंकर्कला जाण्यासाठी त्याच्यावर रक्कम लावली गेली. तो न्यायालयात गेला आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की युरोपीय संघातील खेळाडूच्या करारानंतर अशी रक्कम मागता येणार नाही. क्लबामागून क्लब बदलत पोट भरणाऱ्या खेळाडूंवर या माणसाचे ऋण मोठे आहे.

गोव्यात लोनचा अर्थ २०१४ मध्ये प्रत्यक्ष पाहायला मिळाला. पहिली इंडियन सुपर लीग १२ ऑक्टोबर ते २० डिसेंबर अशी जेमतेम १० आठवड्यांची होती, आणि एफसी गोवाने आपले बरेचसे भारतीय खेळाडू धेंपोकडून लोनवर घेतले. क्लिफर्ड मिरांडासारखा अनुभवी मिडफिल्डर त्या मोसमात एफसी गोवासाठी खेळला, पण करार धेंपोचा होता आणि स्पर्धा संपल्यावर परतायचे तेथेच होते. याला क्लब सोडणे म्हणणे चुकीचे ठरेल.

रिकेट्सची यादी आता पुन्हा वाचावी. २००२ ते २००७ या काळातील प्रत्येक लोनच्या पाठीशी टॉटनहॅम किंवा वुल्व्हरहॅम्प्टनचा चालू करार होता. ऑल्डहॅमहून तो टॉटनहॅमला परतला आणि पुढच्या हंगामात तेथे पहिल्या संघातून प्रीमियर लीग खेळला. बार्न्सलीपासून पुढे, टोरॉन्टोपासून धेंपोपर्यंत, नोंदी दिसायला तशाच आहेत, पण त्यांतील कोणत्याही मुक्कामामागे मूळ क्लब नव्हता. एक करार संपला की पुढचा त्याला स्वतःच शोधावा लागत होता.