लेक घरची, ब्राउन घरजावई

ऑक्टोबर सरत आला की अमेरिकेतल्या मिशिगन तळ्याच्या पश्चिम काठावर, मिलवॉकी आणि रसीनच्या बंदरांत, संध्याकाळी गळ घेऊन उभ्या असलेल्या माणसांची रांग लागते. कानटोपी ओढून आम्ही दोघं-तिघं मराठीही त्यात असतो. दर वर्षी कुणीतरी नवखा मासा वर काढतो आणि ‘ट्राउट मिळाला!’ म्हणून घरच्या ग्रुपवर फोटो टाकतो. कोणता ट्राउट, असं विचारलं की गप्प. एका वर्षी तो नवखा मीच होतो.

तळं म्हणायचं ते आपलं सवयीने. जवळपास ५८,००० चौरस किलोमीटरचं हे पाणी आहे, म्हणजे आपल्या कोकण विभागाच्या दुपटीला थोडंच कमी. सर्वांत खोल जागी २८१ मीटर. उन्हाळ्यात इथले गारवा शोधणारे मासे खोल पाण्यात असतात, तिथे बोटीशिवाय जाता येत नाही. शरदात वरचं पाणी निवतं आणि तेच मासे धक्क्यावरून फेकलेल्या गळाच्या टप्प्यात येतात. एकाच संध्याकाळी, एकाच बांधापाशी लेक ट्राउट आणि ब्राउन ट्राउट दोन्ही लागू शकतात. गोंधळ होतो तो इथेच.

पहिली गोष्ट, लेक ट्राउट हा खरा ट्राउटच नाही. बाजारात हलव्याला ‘काळं पापलेट’ म्हणतात, पण हलवा पापलेटच्या घराण्यातला नाही, तसलाच हा प्रकार. लेक ट्राउट ‘चार’ गटातला (आकडा नव्हे, गटाचं नाव). ब्राउन मात्र अस्सल ट्राउट, अटलांटिक सॅल्मनच्या अगदी जवळच्या नात्यातला.

पुस्तकातल्या चित्रांत दोघे ओळखायला सोपे वाटतात. ब्राउन सोनेरी-तपकिरी, अंगावर काळे आणि लाल ठिपके, लेक ट्राउट करडा. पण मोठ्या तळ्यात वाढलेला ब्राउन चांदीसारखा होतो, त्याचे लाल ठिपके जवळजवळ पुसले जातात. मी पकडलेला मासा असाच चंदेरी होता, साधारण हातभर लांब. मी छातीठोकपणे ‘लेकर’ म्हणालो. इथले लोक लेक ट्राउटला लेकर म्हणतात, मला अजूनही ते ‘लेकरू’च ऐकू येतं. शेजारच्या म्हाताऱ्याने डोक्यावरच्या टॉर्चचा झोत माशाच्या कुशीवर टाकला आणि बोट ठेवून दाखवलं: ठिपका अंगापेक्षा गडद आहे की फिका?

बस, एवढंच बघायचं. ब्राउनचं अंग फिकं आणि ठिपके गडद. लेकरचं अंग गडद आणि ठिपके फिके, भाताच्या शितांसारखे, थेट डोक्यापर्यंत आणि शेपटीवरही पसरलेले. चंदेरी लेकरवर ते अंधूक दिसतात, मग मासा पाण्यात ओला धरून तिरका करायचा. तरीही शंका राहिली तर शेपटी पाहा. लेकरची शेपटी इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोल दुभंगलेली, ब्राउनची जवळजवळ सरळ कापल्यासारखी. लेकरच्या खालच्या परांना पुढच्या कडेने पांढरी किनारही असते. शरदात ब्राउन नराचा खालचा जबडा आकड्यासारखा वर वळतो, लेकरचा तसा वळत नाही. माझा मासा ब्राउन निघाला.

आता नात्यागोत्याचं. लेक ट्राउट ही खरोखरच या घरची लेक, हिमयुगानंतर तळी झाली तेव्हापासूनची. ब्राउन हा घरजावई. त्याची अंडी १८८३ मध्ये जर्मनीहून अमेरिकेत आली आणि पुढच्याच वर्षी मिशिगन राज्यातल्या बाल्डविन नदीत पिल्लं सोडली गेली. जावई रुळला, लेकीचे मात्र हाल झाले. सी लॅम्प्रे नावाचा ईलसारखा जीव, ज्याच्या तोंडात जबड्याऐवजी दातांची गोल चकती असते, कालव्यांतून वर सरकत १९३६ मध्ये या तळ्यात सापडला. तो माशाला चिकटून रक्त पितो. त्यात बेसुमार मासेमारीची भर पडली आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मिशिगन तळ्यातून लेक ट्राउट संपला. १९६५ पासून हॅचरीतली (अंडी उबवून मासे वाढवतात तिथली) पिल्लं सोडायला सुरुवात झाली. पण मोठे झालेले मासे बाहेरून आलेल्या एलवाइफ या छोट्या माशावर पोसले गेले. एलवाइफमधल्या एका द्रव्याने बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. आईच्या अंगात ते कमी पडलं की अंड्यातून आलेलं पिल्लू मरतं. म्हणजे आई धष्टपुष्ट आणि बाळ दगावलेलं. अलीकडे एलवाइफ कमी झाल्यावर तळ्यात जन्मलेली लेकरं पुन्हा दिसू लागली.

शरदात दोघे काठाशी येतात, पण वेगवेगळ्या कामाला. लेकर अंडी घालायलाच येतो आणि ती तळ्यातच घालतो. सूर्य बुडाल्यावर उतरायचं, खडकाळ तळावर अंडी नुसती विखरून द्यायची. ती दगडांच्या फटींत पडतात आणि वसंतात फुटतात. घरटं वगैरे काही नाही. लाटा अडवायला टाकलेले बंदराच्या बांधाचे दगड त्याला म्हणूनच मानवतात. ब्राउन काठाशी येतो तो नदी शोधत. वाहत्या पाण्यात मादी शेपटीने वाळू-खडे उकरून खळगा करते, अंडी घातली की पुन्हा खड्यांनी झाकते. नदीला पाऊस-पाणी येईपर्यंत तो मुखाशी, बंदरात घुटमळतो. आपल्या गळाला लागतो तो असा वाट बघत उभा असताना.

त्यामुळे जागा ठरवायला सोपं पडतं. ब्राउन हवा असेल तर नदीचं मुख, पावसानंतरचं जरासं गढूळ पाणी, पहाट. लेकर हवा असेल तर बाहेरचा दगडी बांध, तिन्हीसांजेनंतर. लोखंडी चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचं आमिष, दोघांनाही चालतो, लेकरसाठी तो तळाशी रेंगाळू द्यायचा. ब्राउनला इथली मंडळी गाभोळी लावतात, बारीक जाळीच्या कापडात पुरचुंडी बांधून. तळायची गाभोळी अशी पाण्यात जाताना पाहिली की आजीची आठवण येते, ती बोललीच असती काहीतरी.

परवान्यावर ट्राउट-सॅल्मनचा वेगळा शिक्का लागतो, आणि लेकरचे नियम राज्यागणिक वेगळे, तेही बदलत राहतात. म्हणून ओळख पटल्याशिवाय मासा टोपलीत टाकू नये.

खायला? माझं मत पक्षपाती आहे. ब्राउनचं मांस घट्ट, तव्यावर रव्यात छान होतं. लेकर तेलकट, कालवणात टाकला तर वर नुसता तवंग, तो धुरावण्यासाठीच बरा. या तळ्यातल्या मोठ्या माशांच्या चरबीत पीसीबी ही जुनी औद्योगिक रसायनं साठतात, म्हणून कातडी आणि पोटाकडची चरबी काढूनच खायचं आणि दर वर्षीची सरकारी सूचना पाहून किती ते ठरवायचं. लेकर वाढायलाही सावकाश, पंचवीस वर्षांहून जास्त जगू शकणारा, तेव्हा मोठा मिळाला तर मी सोडतोच.

अलीकडे हॅचरीतून सोडलेल्या लेकरचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला असतो. गेल्या नोव्हेंबरात बांधावर एक लेकर लागला, चार किलोच्या आसपासचा. टॉर्चमध्ये पाहिलं, सगळे पर शाबूत. बहुधा याच दगडांत जन्मलेला. गळ सोडवला, पाण्यात धरून ठेवला, दोन-तीनदा कल्ले हलले आणि हातातून निसटून गेला. त्या रात्री घरी ब्राउनच तळला.