दफननोंदी व कुटुंबशोध

दफनाच्या वेळी चर्च, नगरपालिका किंवा दफनभूमीचे चालक यांनी केलेल्या लेखी नोंदींवरून मृताच्या आप्तांचा माग काढण्याची वंशशोधनातील पद्धत. तिचा मुख्य आधार पॅरिशच्या (एका चर्चच्या अखत्यारीतील स्थानिक विभागाच्या) नोंदवह्या हा होय.

या नोंदवह्यांचा आरंभ कोठून धरावा, याबाबत मतभेद आहेत. फ्रान्समधील बर्गंडी प्रांतातील झिव्री येथील १३३४ ते १३५७ या काळातील वहीत १३४८ च्या प्लेगातील दफनांची लाट स्पष्ट दिसते. त्यामुळे काही अभ्यासक तिला आद्य दफननोंदवही म्हणतात. मात्र विवाह व दफन यांपोटी आलेल्या शुल्काचा तो हिशोब होता, हे पाहता तिला पूर्वरूप मानणे अधिक सयुक्तिक वाटते. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद दर आठवड्याला करण्याचा आदेश दिला. आरंभीच्या नोंदी बहुधा कागदावर होत्या. १५९८ मध्ये त्या चर्मपत्रावर उतरविण्याचा आदेश निघाला. पण विशेषतः पहिल्या एलिझाबेथच्या राज्यारोहणापासूनच्या (१५५८) नोंदी उतराव्यात, असे त्यात म्हटल्याने अनेक ठिकाणी आधीची वीस वर्षे नकलेत आलीच नाहीत. १५५८ पासून सुरू होणारी वही म्हणजे तेथील नोंदणीचा आरंभ, असे म्हणूनच समजू नये. फ्रान्समध्ये १५७९ च्या ब्ल्वा येथील फर्मानाने दफननोंद सार्वत्रिक केली. कॅथलिक चर्चने मृत्युनोंदीचा नमुना १६१४ च्या विधिग्रंथात दिला.

नोंदींत आप्तांचा उल्लेख त्रोटक असतो. बालकापुढे बापाचे व विवाहितेपुढे नवऱ्याचे नाव आढळते. प्रौढ पुरुष बहुधा एकटाच नोंदलेला असतो. इंग्लंडमध्ये १८१३ पासून छापील रकाने आले : नाव, राहण्याचे ठिकाण, दफनाची तारीख, वय व विधी करणारा. नात्याला रकानाच नव्हता. तेथे १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे फेब्रुवारी १७१५ ची नोंद आजच्या गणनेने १७१६ ची ठरते. मृताला लोकरी कफनातच पुरावे या कायद्यान्वये १६७८ पासून, तसे केल्याचे प्रतिज्ञापत्र आठ दिवसांत द्यावे लागे, अन्यथा पाच पौंड दंड होई. प्रतिज्ञा करणाऱ्याचे नाव वहीत उतरले असल्यास ते तपासून पाहावे. ती व्यक्ती नात्यातली असू शकते.

एकोणिसाव्या शतकातील सार्वजनिक दफनभूमींच्या कबरवार वह्या याहून फलदायी आहेत. त्यांत एका कबरीतील सर्व दफने एकत्र येतात व जागा कोणाच्या नावे होती तेही कळते. समजा, एका पानावर १८७१ मध्ये तान्हे मूल, १८८९ मध्ये ५२ वर्षांचा पुरुष आणि १९०४ मध्ये निराळ्या आडनावाची ४० वर्षांची स्त्री आहे. ती त्या पुरुषाची विवाहित मुलगी असण्याचा संभव आहे. खात्री मात्र विवाहनोंदीवरूनच करावी. हे अनुमान खाजगी कबरीपुरतेच. सामाईक कबरीत गरिबांना ओळीने पुरत, त्यामुळे शेजारचा मृत आप्त असेलच असे नाही. केवळ नावांच्या सूचीवर विसंबणारे येथेच फसतात. सूचीत कबरीचा प्रकार सहसा नसतो.

ज्यू थडग्यांवरील हिब्रू लेखांत मृताच्या पित्याचे नाव असल्याने एका शिळेवरून दोन पिढ्या जुळतात. बंगाल, मद्रास व मुंबई इलाख्यांतील ख्रिस्ती दफनांच्या लंडनला पाठविलेल्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत आहेत.