असिंक्रोनस रिक्वेस्टमधील एरर हाताळणी

वेबपान पुन्हा लोड न करता ब्राउझर पडद्याआडून सर्व्हरकडे जी मागणी पाठवतो, तिला असिंक्रोनस रिक्वेस्ट म्हणतात. ती फसल्याचे प्रोग्रॅमला कळावे आणि वापरणाऱ्यालाही सांगता यावे, यासाठी केलेली तजवीज म्हणजे एरर हाताळणी. अख्खे पान उघडले नाही तर ब्राउझर स्वतःच तसा संदेश दाखवतो. पडद्याआडची मागणी फसली तर तो फार तर कन्सोलमध्ये, म्हणजे डेव्हलपरसाठीच्या नोंदींच्या खिडकीत, एक लाल ओळ लिहितो. समोर चकरी फिरतच राहते.

मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ मधून ही सोय आणली. या पद्धतीला ‘अजॅक्स’ हे नाव डिझायनर जेसी जेम्स गॅरेट यांनी २००५ मध्ये दिले. एरर पकडण्याची कोडमधली नेहमीची रचना, म्हणजे नुसता ट्राय-कॅच, इथे उपयोगी पडत नाही, कारण उत्तर येईपर्यंत तो ब्लॉक केव्हाच संपलेला असतो. म्हणून आधी कॉलबॅक (उत्तर आल्यावर चालवायचे फंक्शन), मग ब्राउझरची भाषा असलेल्या जावास्क्रिप्टच्या २०१५ च्या मानकात प्रॉमिस (पुढे येणाऱ्या यशाची किंवा अपयशाची जागा राखणारी वस्तू) आणि २०१७ मध्ये असिंक-अवेट (प्रॉमिसच्या निकालासाठी थांबायला सांगणारे शब्द) आले. अवेटमुळे ट्राय-कॅच पुन्हा कामाला येतो. ‘अवेट’ हा शब्द लिहायचा राहिला की एरर हातातून निसटते.

नवशिके हमखास फसतात ते फेचपाशी, म्हणजे अशी मागणी पाठवणाऱ्या फंक्शनपाशी. सर्व्हरने ४०४ (सापडले नाही) किंवा ५०० (सर्व्हरमध्येच बिघाड) हा स्टेटस, म्हणजे निकालाचा आकडा, पाठवला तरी फेचच्या लेखी मागणी यशस्वीच, उत्तर तर आले ना! प्रॉमिस रिजेक्ट होते, म्हणजे अपयशी ठरते, ते मुख्यतः नेटवर्क तुटल्यावर किंवा सीओआरएसने (दुसऱ्या साइटकडच्या मागण्यांवरील ब्राउझरच्या नियमाने) अडवल्यावर. त्यामुळे उत्तराचा ‘ओके’ हा गुणधर्म आपणच तपासावा लागतो. स्टेटस २०० ते २९९ असेल तरच तो खरा असतो. तेवढ्यानेही भागतेच असे नाही. सेशन, म्हणजे लॉगिनची मुदत, संपल्यावर काही सर्व्हर लॉगिनचे एचटीएमएल पान २०० स्टेटसनेच पाठवतात आणि जेसन ही डेटाची मांडणी वाचणारा कोड एचटीएमएलच्या पहिल्याच ‘<’ चिन्हाला अडखळतो.

सर्वांत अवघड प्रकार टाइमआउटचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर न येण्याचा. उत्तर आले नाही म्हणजे काम झाले नाही, असे मुळीच नाही. वीजबिल भरताना ‘पैसे भरा’ दाबले, रेंज गेली. मागणी पोचलीच नाही की पैसे वळते होऊन फक्त पावती वाटेत हरवली, हे ब्राउझरला कळायला मार्ग नाही. नुसती माहिती मागणारी गेट रिक्वेस्ट पुन्हा पाठवायला हरकत नसते. सर्व्हरवर काही बदल घडवणारी पोस्ट रिक्वेस्ट मात्र आंधळेपणाने पुन्हा पाठवली तर बिल दोनदा भरले जाऊ शकते. यावर उपाय म्हणून प्रत्येक व्यवहारासोबत एक वेगळी खूणकिल्ली पाठवतात. तीच किल्ली पुन्हा दिसली की सर्व्हर नवा व्यवहार न करता जुनेच उत्तर परत देतो.

पुन्हा प्रयत्न करतानाही घाई नडते. एक, दोन, चार सेकंद असे अंतर वाढवत न्यायचे आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवायचा, नाहीतर नुकत्याच सावरलेल्या सर्व्हरवर सगळे एकदमच तुटून पडतात. ४२९ (फार मागण्या झाल्या) किंवा ५०३ (सेवा तूर्त बंद) या स्टेटससोबत ‘रिट्राय-आफ्टर’ हा हेडर, म्हणजे उत्तराबरोबरची सूचना, आला असेल, तर तो सांगेल तेवढे थांबावे.

आपणच रद्द केलेली मागणीसुद्धा कॅचमध्येच येऊन पडते. शोधपेटीत कोणी ‘पुणे’ टाइप करत असताना ‘पु’ची मागणी अबॉर्ट, म्हणजे रद्द, होते, ही ‘अबॉर्टएरर’ ओळखून गुपचूप सोडून द्यायची असते, तिच्यासाठी लाल पट्टी दाखवायची नसते.