पक्ष्यांनी पोसलेलं रान

कोकणातल्या पुळणीवर भरतीच्या रेषेलगत जांभळ्या फुलांची वेल पसरलेली असते. तिला आपण मर्यादवेल म्हणतो. लक्षद्वीपच्या प्रवाळबेटांवरही ती भेटते. तिचं बी समुद्रात कितीतरी दिवस तरंगतं आणि लाट टाकील तिथे रुजतं.

पण रुजल्यावर खायचं काय? प्रवाळबेटावर आपल्यासारखी माती नाही. आहे तो मेलेल्या प्रवाळांचा आणि शिंपल्यांचा पांढरा चुरा, म्हणजे निव्वळ चुना. खाली कातळ आहे, पण फार खोल. गंमत अशी, की सह्याद्रीचा काळा कातळ ओतणाऱ्या भूगर्भातल्या त्याच तप्त जागेवरून भारताचा भूपट्ट उत्तरेला सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव आणि त्यांच्या दक्षिणेला हिंदी महासागरातली चागोस बेटं ही रांग उमटली. नात्याने ही बेटं आपल्याला जवळचीच!

या चुन्यात झाडांना लागणारा नायट्रोजन येतो तो मुख्यतः समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेतून. पक्षी दूरवर मासे खातात आणि घरट्यापाशी येऊन विष्ठा टाकतात. पिसोनियाचं झाड तर बरंचसं त्यांच्या आधाराने जगतं. त्याची चिकट फळं पिसांना चिकटून दुसऱ्या बेटावर पोचतात. कधी इतकी चिकटतात, की पक्ष्याला उडताच येत नाही आणि तो तिथेच मरतो.

चागोसमध्ये माणसांनी हे रान तोडून खोबऱ्यासाठी माड लावले. जहाजांतून उंदीर आले, त्यांनी अंडी-पिल्लं फस्त केली. माडावर आपला फार जीव, तरी खरं ते सांगायला हवं: झाडावर घरटी करणाऱ्या बूबी पक्ष्यांना माडापेक्षा मूळची झाडंच लागतात.

2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शास्त्रज्ञांनी चागोसची 12 बेटं तपासली. सहा उंदरांची, सहा बिनउंदरांची. बिनउंदरांच्या बेटांवर पक्ष्यांची दाटी 760 पट निघाली. मला थक्क केलं ते पाण्यातल्या आकड्याने. पावसाबरोबर विष्ठेतलं सत्त्व प्रवाळांपर्यंत झिरपतं, आणि बिनउंदरांच्या बेटांभोवतीच्या माशांचं एकूण वजन 48 टक्क्यांनी जास्त भरलं. त्यांतले पोपटमासे मेलेले प्रवाळ कुरतडतात. त्यांच्या पोटातून बाहेर पडलेला चुरा लाटांबरोबर बेटाच्या काठाला लागतो, आणि त्यात पुन्हा एखादं बी रुजतं.