जिप्सीत डिझेल इंजिन टाकायचंय? गॅरेजच्या आधी आरसी उघडा: ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं

मारुतीची जिप्सी, महिंद्राची जुनी थार किंवा एमएम ५४० जीप असलं काही दारात उभं असलं की कधी ना कधी हा विषय निघतोच, की गाडी लय भारी पण अ‍ॅव्हरेज देत नाही, मग स्विफ्टचं १.३ डिझेल इंजिन टाकू का, मारुती एस्टीमचं टाकू का. गॅरेजवाला लगेच म्हणतो होऊन जाईल, भिवंडीत नाहीतर कुर्ल्यात इंजिन मिळतं, आरटीओचं काम आपला माणूस बघतो. हे शेवटचं वाक्य ऐकलं की टोकन द्यायचं थांबा. कारण गाडीत काय बसतं हे मिस्त्री ठरवतो पण रस्त्यावर काय चालतं ते आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, ठरवते, आणि आरसीवरचा नेमका कुठला रकाना बदलणार आहे त्यावर तुमचा अर्ज सोपा, अवघड की जवळजवळ अशक्य हे ठरतं.

आधी हिशोब करून घ्या, कारण बऱ्याच जणांचं काम इथेच संपेल. समजा जिप्सी ९ देते, महिन्याला ६०० किलोमीटर चालते, पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ धरू. आत्ता महिन्याला साधारण ६,९०० चं पेट्रोल जातं, डिझेल इंजिनने १४ दिलं असं धरलं तर ३,९०० चं डिझेल. म्हणजे महिन्याला ३,००० वाचले. इंजिन, माउंटिंग, रेडिएटर, वायरिंग, मजुरी सगळं धरून २ लाख लागले तर पैसे वसूल व्हायला साडेपाच वर्षं. आणि शनिवार-रविवारीच मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणारी गाडी महिन्याला ६०० तरी चालते का ते स्वतःलाच विचारा. त्यात स्विफ्टचं इंजिन मूळचं आडवं बसणारं, जिप्सीचं उभं, म्हणजे गिअरबॉक्सला जोडायला अ‍ॅडॅप्टर प्लेट बनवून घ्यावी लागते आणि अशी प्लेट बनवणारा मिस्त्री चांगला नसेल तर क्लच आणि बेअरिंग खात बसते.

अजून एक, टायर बघा. कंपनीच्या २०५/७० आर१५ च्या जागी २३५/७५ आर१५ टाकले असतील तर टायरचा घेर साधारण १० टक्क्यांनी वाढतो, मीटर तेवढंच कमी किलोमीटर दाखवतं आणि तुम्ही काढलेलं ९ चं अ‍ॅव्हरेज खरं तर १० च्या जवळ असतं. जीपीएसवर मोजून बघा. ब्रेक घासतायत का, फोर-व्हील ड्राइव्ह नीट सुटतंय का, जुनी एमजी ४१० जिप्सी असेल तर कार्ब्युरेटर कधी साफ केलाय, हे सगळं बघायला फार खर्च नाही आणि परवानगीही लागत नाही.

एवढं करूनही इंजिन बदलायचंच असेल तर कायदा समजून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ म्हणतं की कंपनीने मूळ जे तपशील दिलेत त्यांच्याशी आरसीवरचे तपशील जुळणार नाहीत असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही केरळच्या एका प्रकरणात हेच पक्कं केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए आलं, त्यात बेकायदा बदल केल्यास मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पाच हजार ऐकून हसू नका, खरी भीती विम्याची आहे. घाटात काही झालं आणि सर्व्हेयरने इंजिन नंबर ताडला तर क्लेम तिथेच अडकणार, आणि थर्ड पार्टीचे पैसे कोर्टातून तुमच्या अंगावर आले तर वाचवलेलं सगळं डिझेल विकूनही भागणार नाही.

आता पात्रता. ढोबळमानाने तीन गटांतले लोक असतात आणि तुम्ही कुठल्या गटात ते इंजिन विकत घ्यायच्या आधी बघा.

पहिला गट म्हणजे त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं, त्याच सीसीचं आणि त्याच इंधनाचं इंजिन. म्हणजे जिप्सी किंगचं १२९८ सीसी थकलेलं इंजिन काढून तसंच दुसरं टाकणं. आरसीवर फक्त इंजिन नंबर बदलतो, हे काम होतं. गंमत अशी की दमलेल्या इंजिनवाल्यांना अ‍ॅव्हरेजचा खरा फरकही बऱ्याचदा यातच मिळतो, कम्प्रेशन गेलेलं इंजिन पेट्रोल पिणारच.

दुसरा गट मान्यताप्राप्त किटवाल्यांचा. सीएनजी, एलपीजी किंवा इलेक्ट्रिक, कलम ५२ मध्येच यासाठी सूट आहे. पण किटला पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट अशा तपासणी संस्थेचं टाइप अ‍ॅप्रूव्हल, म्हणजे मान्यतेचं प्रमाणपत्र, हवं आणि त्या प्रमाणपत्रात तुमच्या गाडीचं मॉडेल बसलं पाहिजे, नुसतं किट अ‍ॅप्रूव्हड आहे सर, एवढ्यावर पैसे देऊ नका, प्रमाणपत्राची कॉपी मागा. बीएस-६ उत्सर्जन नियमांच्या पेट्रोल गाड्यांत सीएनजी-एलपीजी किट, आणि साडेतीन टनांच्या आतल्या बीएस-६ डिझेल गाड्यांचं इंजिन बदलून सीएनजी-एलपीजी इंजिन, याला केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये वाट करून दिली. सीएनजी टाकी मागे बसली की जिप्सीत सामान ठेवायला काही उरत नाही आणि ठाणे-नवी मुंबई सोडून आत गावाकडे गेलात की पंप शोधत फिरा, हे मात्र धरून चाला. टाकीची दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्टही लागते.

तिसरा गट म्हणजे पेट्रोल जिप्सीत स्विफ्टचं डिझेल, एमएम ५४० मध्ये स्कॉर्पिओचं एमहॉक इंजिन. इथे इंधन, सीसी किंवा इंजिन मॉडेल, यातलं काहीतरी बदलतं. एमजी ४१० चं ९७० सीसी काढून १२९८ टाकलं तर कंपनी तीच, इंधन तेच, तरी सीसीचा रकाना बदलला म्हणून तेही इथेच. एकट्या गाडीसाठी तपासणी संस्थेकडून उत्सर्जनाची मान्यता आणणं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नाही, आणि त्याशिवाय आरटीओने नोंद करावी असा नियम नाही. माझं मत विचाराल तर या गटातल्यांनी पैसे वाचवून कंपनीचीच डिझेल गाडी घ्यावी. एजंट म्हणेल करून देतो, तर त्याला विचारा की सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर इंधनाच्या रकान्यात डिझेल दिसेल का. बहुतेक वेळा विषय बदलतो.

एस्टीमचं इंजिन पहिल्या आणि तिसऱ्या गटाच्या मधे लटकतं. सीसी तेच १२९८, कंपनी तीच, पण मारुतीच्या इंजिन नंबरच्या सुरवातीलाच मॉडेलचा कोड असतो, जिप्सी किंगला जी१३बीबी वगैरे, तो वेगळा निघाला तर निरीक्षक अडवू शकतो. म्हणून आधी लेखी विचारा, मग इंजिन घ्या.

अर्ज कुठे? तुम्ही राहता त्या भागाच्या आरटीओत. ठाणे एमएच-०४, कल्याण-डोंबिवली एमएच-०५, वाशी-नेरूळ-ऐरोलीकडचे एमएच-४३, खारघर-पनवेल एमएच-४६. गाडी पुण्याच्या नंबरची आणि तुम्ही घणसोलीत, तर आधी पत्ता बदला. परराज्यातली असेल तर तिकडची एनओसी म्हणजे ना-हरकत दाखला, फॉर्म २८, आणि इथली नोंदणी आधी, इंजिन नंतर. लिलावातली आर्मीची गाडी असेल तर तिची नोंदणी हेच एक वेगळं प्रकरण आहे, दोन्ही कामं एकत्र करू नका.

परिवहनच्या वेबसाइटवर वाहन सेवांमध्ये महाराष्ट्र निवडा, गाडी नंबर आणि चेसिसचे शेवटचे ५ आकडे टाका, वाहनातील बदलाचा म्हणजे अल्टरेशनचा पर्याय घ्या. ओटीपी आरसीला जोडलेल्या मोबाईलवर येतो, जुन्या मालकाचा नंबर असेल तर तो आधी बदलून घ्या नाहीतर पहिल्याच पायरीवर अडकाल. फी भरा, पावती काढा, अपॉइंटमेंट घ्या. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावलेली असू दे, नसेल तर बाकीची कामं अडवतात. थकलेली ई-चलानंही भरून टाका.

कागदपत्रं: मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, आधार आणि पत्त्याचा पुरावा, पॅन, चेसिस आणि इंजिन नंबरची पेन्सिल प्रिंट, अर्जाची सही केलेली प्रिंट. कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती, आरसीवर बोजा असताना परस्पर बदल करता येत नाही. किटवाल्यांना टाइप अ‍ॅप्रूव्हलची कॉपी, फिटिंग केलेल्या अधिकृत सेंटरचं प्रमाणपत्र आणि टाकीची कागदं.

पण सगळ्यात जास्त फाइली अडतात त्या इंजिनच्या जन्मकुंडलीवर. इंजिन आलं कुठून? नवीन किंवा कंपनीकडून रिकंडिशन केलेलं असेल तर इंजिन नंबर छापलेलं जीएसटी बिल पुरतं. भंगारातून घेतलं असेल तर बिल तर हवंच, शिवाय ते ज्या गाडीतून निघालं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद हवा. भंगारवाला बिल देत नसेल, नंबर खरवडलेला किंवा परत ठोकलेला वाटत असेल तर कितीही स्वस्त असू दे, सोडा, चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस स्टेशनचे हेलपाटे तुमचेच. एनसीआरबी, म्हणजे गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय विभागाच्या ऑनलाइन सेवेत गाडीचा, चेसिसचा, इंजिनचा नंबर टाकून चोरीची नोंद आहे का बघता येतं, ती प्रिंट फाइलला लावा. जुन्या इंजिनचं काय केलं याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्रही मागू शकतात.

मंजुरी आधी, फिटिंग नंतर, हाच क्रम ठेवा. काही कारणाने बदल आधीच झालाय तर कलम ५२ प्रमाणे १४ दिवसांच्या आत कळवावं लागतं. मग गाडी घेऊन तपासणीला जायचं, मोटार वाहन निरीक्षक बॉनेट उघडून नंबर स्वतः ताडतो, म्हणून इंजिन धुऊन न्या, ग्रीसखाली नंबर दिसला नाही म्हणून परत पाठवतात. १५ वर्षं पूर्ण होत आली असतील तर नोंदणी नूतनीकरण, फॉर्म २५, आणि पर्यावरण कराचा खर्चही याच हिशोबात धरा.

नोंद झाली की विमा कंपनीकडून पॉलिसीवर नवीन इंजिन नंबर चढवून घ्या, किट असेल तर किटची किंमतही, आणि नवीन पीयूसी काढा. एमपरिवहन अ‍ॅपवर इंजिन नंबर, इंधन, सीसी हे तिन्ही रकाने अक्षर न अक्षर बघा, आठ आणि बी, शून्य आणि ओ हमखास उलटसुलट होतात, चूक दिसली तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज टाका.