मराठी विषयातून नेट-सेट: पात्रता, दाखले, अर्ज आणि पेपर दोनचा अभ्यास (कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांसाठी)

एम.ए. मराठी झालं की प्राध्यापकीच्या दारात नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उभी असते. बहुतेक जण आधी पुस्तकं गोळा करतात आणि फॉर्म सुटला की शेवटच्या दोन दिवसांत कागद शोधत फिरतात. माझा सल्ला उलटा आहे: आधी दाखले, मग अभ्यास. अभ्यास रात्री बारालाही होतो, प्रांत ऑफिस तेव्हा उघडं नसतं.

नेट ही राष्ट्रीय चाचणी संस्था, म्हणजे एनटीए घेते. जून आणि डिसेंबर अशी वर्षाला दोन सत्रं. मराठीचा विषय कोड 38. सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि ती महाराष्ट्र-गोव्यापुरती चालते. दोन्हींत पहिला पेपर (सगळ्या विषयांना सारखा) 50 प्रश्नांचा, 100 गुणांचा. दुसरा आपल्या विषयाचा, 100 प्रश्नांचा, 200 गुणांचा. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. अभ्यास एकच असल्यामुळे दोन्ही फॉर्म भरावेत. जेआरएफची फेलोशिप (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) फक्त नेटमधून मिळते.

पात्रता थोडक्यात: पदव्युत्तर पदवीला खुल्या प्रवर्गासाठी 55 टक्के, ओबीसी (नॉन-क्रिमीलेअर), एससी, एसटी आणि दिव्यांगांना 50. नेटला 54.9 चे 55 करून मिळत नाहीत. ईडब्ल्यूएसवाल्यांनाही (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) 55 च लागतात, हे अनेकांना फॉर्म भरताना कळतं. एम.ए.च्या शेवटच्या वर्षात असाल तरी बसता येतं. नेटसाठी मात्र निकालानंतर दोन वर्षांच्या आत पदवी पूर्ण व्हावी लागते. जेआरएफला वय 30 पर्यंत. राखीव प्रवर्ग आणि सर्व महिलांना पाच वर्षं सवलत. सहायक प्राध्यापक पदाच्या पात्रतेसाठी वयाची अट नाही, सेटलाही नाही.

आता खरी अडचण, प्रवर्गाची. नेट केंद्राची परीक्षा आहे, त्यामुळे जात केंद्राच्या ओबीसी यादीत असावी लागते आणि नॉन-क्रिमीलेअर केंद्राच्या नमुन्यातलं, चालू आर्थिक वर्षातलं लागतं. राज्याचं तीन वर्षांचं नॉन-क्रिमीलेअर घरात फाइलला लावून ठेवलेलं असतं, पण ते इथे चालत नाही. सेतूत अर्ज देताना ‘केंद्र शासनासाठी’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीनं राज्याचंच काढून हातात ठेवतात. मराठा समाजातल्या मुलांनी तर दोनदा तपासावं: एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) हा राज्याचा प्रवर्ग आहे, नेटच्या फॉर्मात तो नाही. कुणबी दाखला असेल तर ओबीसी. नसेल तर उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटीत बसत असल्यास तहसीलदारांकडून ईडब्ल्यूएसचा दाखला. तेही नसेल तर खुला. सेटला राज्याचे दाखले लागतात. म्हणजे एकाच मुलाचा प्रवर्ग दोन फॉर्मात वेगळा असू शकतो आणि त्यात काही गैर नाही.

दुसरी अडचण नावाची. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव, मार्कलिस्टवर माहेरचं. फॉर्ममध्ये दहावीप्रमाणे नाव घाला आणि आधार आधीच जुळवून घ्या. नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत फाइलमध्ये असू दे. मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या, नेटकॅफेवाल्याचा नको; दुरुस्तीची मुदत मिळते त्यात या दोन गोष्टी बदलता येत नाहीत.

नेटचा पहिला पेपर फक्त इंग्रजी किंवा हिंदीत असतो आणि माध्यम फॉर्म भरतानाच ठरवावं लागतं. ज्याचं इंग्रजी वाचन हळू आहे त्यानं सरळ हिंदी घ्यावं. सेटला हाच पेपर मराठीतही मिळतो. केंद्रासाठी कोल्हापूरला पहिली पसंती द्या, पण सांगली-पुण्याचीही तयारी ठेवा. चंदगड-आजऱ्याच्या मुलांनी सकाळी 9 ची शिफ्ट आली तर आदल्या दिवशीच शहरात यावं. एनटीए आधी शहर कळवणारी चिठ्ठी देते. ते हॉलतिकीट नव्हे.

‘120 मार्क पडले की पास’ हा समज सोडा. 300 पैकी 40 टक्के (राखीव प्रवर्गाला 35) ही किमान अट आहे. त्यानंतर दोन्ही पेपर दिलेल्यांपैकी वरचे सहा टक्केच पात्र ठरतात, तेही विषय आणि प्रवर्गाप्रमाणे. कटऑफ त्यामुळे बराच वर जातो.

दुसऱ्या पेपरला रसिकपणाचा फारसा उपयोग होत नाही, याचा वाचनवेड्या मुलांना राग येतो आणि तो रास्त आहे. प्रश्न येतात ते जोड्या लावा, कालक्रम लावा, विधान आणि कारण असे. यमुनापर्यटन, रणांगण, ययाति, कोसला हे क्रमानं लावायचं तर 1857, 1939, 1959, 1963 डोक्यात हवेत. कादंबरी दोनदा वाचून रडलेल्याला यात जादा गुण नाही. भरताच्या रससूत्राच्या चार भाष्यकारांची जोडी तर पाठच हवी: भट्टलोल्लट उत्पत्तिवाद, शंकुक अनुमितिवाद, भट्टनायक भुक्तिवाद, अभिनवगुप्त अभिव्यक्तिवाद. गाईडमधल्या सालांवर विसंबू नका. काहींत चौथ्या आवृत्तीचं सालच पहिलं म्हणून छापलेलं असतं. 1850 साली सुरू झालेलं करवीर नगर वाचन मंदिर आणि विद्यापीठातलं बॅ. खर्डेकर ग्रंथालय आपल्या गावात आहे. शंका आली की मूळ पुस्तक काढून आतलं ‘प्रथमावृत्ती’चं पान बघा आणि वहीत लेखक, ग्रंथ, साल, प्रकार असे चार रकाने भरत जा. भाषाविज्ञान आणि मध्ययुगीन वाङ्मय शेवटाला ठेवू नका, तिथेच बहुतेकांची दांडी उडते.

नेटला सलग तीन तास, मध्ये सुट्टी नाही. पेपर दोन आधी सोडवून पेपर एकच्या आकडेमोडीकडे नंतर वळलात तर डोकं ताजं असताना 200 गुणांचं काम होतं. नंतर तात्पुरती उत्तरतालिका लागते. एनटीएकडे एका प्रश्नाच्या हरकतीला 200 रुपये लागतात, ते परत मिळत नाहीत. साहित्याच्या पेपरात उत्तर चुकीचं असणं नवल नाही, तेव्हा पुस्तकाच्या पानाचा फोटो हाताशी असेल तरच हरकत घ्या.